हेल्मेट कधी काढायचं

घोड्यावरून पडून मला आजवर काहीही झालेलं नाही. चार वर्षांत सहा वेळा पडले. एकदा झुडपात, दोनदा चिखलात, आणि एकदा तर घोडा जागचा हललासुद्धा नव्हता, मीच चढता चढता पलीकडच्या बाजूने घरंगळले. दर वेळी उठले, कपडे झटकले आणि आधी कोणी बघितलं का ते पाहिलं. उजव्या भुवईच्या वर जी पुसट रेघ दिसते, ती मात्र उतरल्यानंतरची आहे. तेव्हा माझे दोन्ही पाय जमिनीवर होते, घोडी उभी होती आणि हेल्मेट माझ्यापासून हातभर अंतरावर खुंटीला लटकत होतं.

त्या दिवशीची रपेट फार छान झाली होती. घोडी वयस्कर, शहाणी. नवशिक्यांना तीच देतात, कारण वर बसलेल्याच्या चुका ती पोटात घालते. मी उतरले, रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, वर सरकवल्या, हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं. घामाने केस चिकटून बसले होते. डोक्याला वारा लागला तेव्हा जे सुख वाटलं ते अजून आठवतं. मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, सैल करायला तिच्या पोटाशी वाकले. खांद्यावर माशी बसली असावी. तिने मान वळवून एक झटका दिला, दिवसातून शंभर वेळा देत असेल तसाच. या वेळी मधे माझं डोकं होतं.

घोड्याचं डोकं आणि मान मिळून त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा होतो. म्हणजे ४५० किलोच्या घोडीचं ४५ किलोच्या आसपास, आणि त्यातही जबड्याचं हाड म्हणजे निव्वळ हाड, वर मांसाचा थर जवळजवळ नाहीच. तिने मला मारलं नाही. तिला तर मी तिथे आहे हेही कळलं नसेल. मी मागे फेकली जाऊन बसले, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, थोडं आश्चर्य होतं.

तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, शुद्ध हरपली होती का? नव्हती. म्हणजे विशेष काही नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं. दोन दिवसांनी एक पाकीट फोडायला कात्री घेतली आणि हातातल्या वस्तूला काय म्हणतात ते आठवेना. वस्तू ओळखीची, उपयोग माहीत, नाव गायब. पुढचे दहाएक दिवस असेच गेले. वाचताना एकच ओळ तीनदा वाचायची, दिवा लावला की डोळे मिटायचे, आणि कोणी साधं काही विचारलं तरी रडू यायचं. शुद्ध न हरपताही मेंदूला धक्का बसतो, किंबहुना बहुतेक वेळा तो तसाच बसतो, हे मला तेव्हा कळलं.

मेंदूचं वजन जेमतेम १.४ किलो. पोत घट्ट दह्यासारखा, सभोवती पाणीदार द्रव आणि बाहेर कवटीची पेटी. पेटी अचानक थांबते किंवा अचानक हलते, पण आतला ऐवज तिच्या बरोबरीने थांबत नाही, हलत नाही. तो थोडा मागे राहतो, मग आदळतो. त्यातही झटका तिरका बसून डोकं गर्रकन फिरलं, तर आतले बारीक तंतू ताणले जातात, पिळले जातात. कवटीला चीरही नसते आणि आत मात्र गोंधळ उडालेला असतो.

मी घोड्यांकडे वळले ती तिशी उलटल्यावर. त्यामुळे पहिल्या दिवशी हातात दिलेलं हेल्मेट मी निमूट घातलं, विमानात बसल्यावर पट्टा बांधावा तसं. त्यामागे विचार असा काही नव्हता. जे काही धोक्याचं आहे ते वर बसल्यावर, वेगात असताना, असंच मी धरून चालले होते. माझ्याबरोबर शिकणारे सगळे तसंच धरून चालले होते. रिकिबीत पाय टाकण्याआधी डोक्यावर चढवायचं, पाय जमिनीला लागला की काढायचं. आमच्या लेखी हेल्मेट हा चढण्या-उतरण्याचाच भाग होता.

वरून पडण्याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या उंचीचा घोडा खांद्यापाशी दीड मीटरच्या वर असतो, आणि त्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर. तेवढ्या उंचीवरून काहीही सोडलं तरी जमिनीला भिडताना त्याचा वेग ताशी २५ किलोमीटर होतो. हे घोडा उभा असताना. दुडकी नाही, चौखूर नाही, काही नाही. ‘आज काय, नुसतं चालवायचंय,’ असं म्हणून हेल्मेट न घालणाऱ्याला मी हा आकडा सांगते. तो ऐकून घेतो आणि तसाच चढतो.

खालचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, कारण खाली असताना आपण घोड्यावर ‘बसलेलो’ नसतो, त्याच्याजवळ नुसते असतो. पण घोड्याशी होणारा व्यवहार बहुतेक खालीच चालतो. मोरकी घालून बाहेर आणणं, खरारा म्हणजे अंग घासून साफ करणं, खूर उचलून नालेतली माती टोकरणं, खोगीर चढवणं, लांब दोरावर गोल फिरवणं, गाडीत चढवणं, आणि मग हे सगळं उलट्या क्रमाने. तासाभराच्या रपेटीला खालचे दोन तास जोडलेले असतात. खूर टोकरायला आपण ओणवे होतो तेव्हा आपलं डोकं कुठे असतं? बरोबर गुडघा आणि टाप यांच्या मधल्या पट्ट्यात. मागच्या पायाला पट्टी बांधताना तर त्याहून खाली. तिथे गुडघे टेकून बसू नये, उकिडवं बसावं, म्हणजे निदान चटकन बाजूला होता येतं, हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं.

घोडा दुष्ट नसतो, हे घोड्यांत वावरणारा प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंच आहे. अडचण अशी की लाथ बसायला दुष्टपणा लागतच नाही. हा प्राणी लाखो वर्षं दुसऱ्या कोणाचं तरी भक्ष्य होता आणि आधी पळा, मग बघा या एका नियमावर टिकून राहिला. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. जे दिसत नाही ते दोनच जागी: कपाळासमोर अगदी जवळ, आणि शेपटीच्या थेट मागे. आणि आपण हौसेने नेमके त्याच दोन जागी जाऊन उभे राहतो. समोरून कपाळ कुरवाळायला, मागून शेपूट विंचरायला. फडफडणारी पिशवी, लोखंडी दाराचा आवाज, कोणाची तरी शिंक, यांपैकी काहीही पुरतं. घोडा बुजतो म्हणजे आपल्या आधी अर्धा सेकंद तो तिथून निघालेला असतो. त्या अर्ध्या सेकंदात मधे जे येईल ते येईल.

म्हणून मागे जायचं तर अंगाला अंग लावून, हात पाठीवरून फिरवत, आपण इथे आहोत हे त्याला कळवत जावं, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून लांबून वळसा घ्यावा. मधलं अंतर सगळ्यांत वाईट, कारण तिथे दुगाणीला पूर्ण जोर धरायला जागा मिळते. गंमत अशी की भित्रा माणूस बरोबर त्या मधल्या अंतरावरच थांबतो.

टाके पडल्यावर मी हेल्मेटबद्दल वाचायला लागले. इतकी वर्षं जी वस्तू डोक्यावर घेऊन फिरले तिच्यात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. वर टणक कवच, आणि आत, ज्याच्यावर सगळी मदार, तो थर्माकोलच्याच जातीचा घट्ट फेस. त्याचं काम चिरडून जाण्याचं. डोकं आदळतं तेव्हा हा थर दबतो, त्यातल्या हवेच्या बारीक पेशी फुटतात आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. खेळ तेवढ्याच मिलिसेकंदांचा. पण एकदा दबलेला फेस परत फुगत नाही. बाहेरून हेल्मेट नव्यासारखं चकाकत असतं आणि आतून त्या जागी संपलेलं असतं. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण हसण्यावारी वापरतो, पण हेल्मेटच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे: एक मोठा आदळा झाला की ती पगडी टाकायची आणि दुसरी घ्यायची. न पडताही पाचेक वर्षांनी बदला, असं बनवणारे सांगतात. घाम, ऊन, ओल यांनी आतला माल थकतो.

घोड्याचं हेल्मेट सायकलच्या हेल्मेटपेक्षा वेगळं का, हाही प्रश्न मला पडला होता, कारण आमच्यात एक जण सायकलचंच घालून यायचा. सायकलवाला बहुतेकदा पुढच्या बाजूला पडतो. घोड्यावरून माणूस कसाही पडतो, पाठीवरसुद्धा, म्हणून याला मागच्या बाजूला जास्त खाली उतरवलेलं असतं. चाचणीत डोक्याच्या आकाराचा वजनदार ठोकळा आत बसवून हेल्मेट सपाट ऐरणीवर पाडतात, आणि धारदार कडेच्या ऐरणीवरही, कारण घोड्याच्या जगात डोक्याला नालेची कडही लागू शकते. काही मानकांत तर दोन्ही बाजूंनी दाबून बघतात. ते कशासाठी, हे लक्षात आल्यावर मी पुस्तिका मिटून थोडा वेळ बाजूला ठेवली. घोडा अंगावर पडला तर, त्यासाठी.

त्या तिरक्या, फिरत्या झटक्यासाठी आता आत एक सरकता पातळ थर घालतात, म्हणजे कवच डोक्याभोवती जरासं फिरू शकतं आणि पीळ कमी होतो. मिप्स नावाचं हे स्वीडिश तंत्र आज सायकलच्या दुकानांत दिसतं, पण त्याचं पहिलं हेल्मेट २००७ साली आलं ते घोडेस्वारांसाठी.

मापाबद्दल फार लिहीत नाही. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली नीट, मान हलवली की कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. केस एकदा वर बांधून आणि एकदा मोकळे ठेवून माप बदलतं, एवढंच लक्षात ठेवण्यासारखं. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट ही टोपी असते.

टोपीवरून आठवलं. मला जास्त नवल वाटलं ते तंत्राचं नाही, उशिराचं. १९२३ साली ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकणारा कॅप्टन टपी बेनेट त्याच वर्षाच्या अखेरीला दुसऱ्या एका शर्यतीत पडला, घोड्याची टाप डोक्याला लागली आणि १९२४च्या जानेवारीत तो गेला. त्यानंतर ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचं झालं. म्हणजे कळलं होतं. पण शेजारच्यांना कळायला किती काळ जावा? १९३५ साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले मेंदुशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या जखमांचा अभ्यास केला, आणि १९४१मध्ये ब्रिटिश सैन्यात त्या स्वारांना हेल्मेट लागू झालं. आणि ड्रेसाज, म्हणजे घोड्याला जणू नाचवल्यासारखं चालवायची जी सगळ्यांत देखणी स्पर्धा, तिथे स्वार उंच काळी रेशमी टोपी घालून मिरवत राहिले ते थेट २०२० संपेपर्यंत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जानेवारी २०२१पासून तिथेही हेल्मेट सक्तीचं केलं. १९२४ ते २०२१. डोकं तेच, घोडा तोच, मधे सत्त्याण्णव वर्षं.

का, याचं उत्तर त्या टोपीतच आहे. उंच टोपी सांगते की माझा घोडा माझ्या इतका मुठीत आहे की मला पडायची भीती नाही. हेल्मेट म्हणजे पडण्याची कबुली. नवशिक्याने घालावं, मुलांनी घालावं, पक्की मांड असलेल्याने कशाला? ही अढी मोडली ती एका अपघाताने. अमेरिकेची कोर्टनी किंग-डाय २००८च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेली. ३ मार्च २०१०ला ती सरावाला एका घोड्यावर बसली होती, हेल्मेट नव्हतं. घोडा उधळला नाही, बुजला नाही; आपल्याच पायात अडखळून पडला. तिच्या कवटीला तडा गेला, ती महिनाभर कोमात होती, आणि नंतर चालणं-बोलणं पुन्हा पहिल्यापासून शिकली. त्यातून ‘रायडर्स फॉर हेल्मेट्स’ ही मोहीम उभी राहिली. दोनच वर्षांनी लंडन ऑलिम्पिकमध्ये शार्लट डुजार्डिनने व्हॅलेग्रो या घोड्यावर ड्रेसाजची दोन सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा आजूबाजूला उंच टोप्या होत्या आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटने देखणेपण जातं हे म्हणणं त्या दिवसापासून जरा अवघड झालं.

राणी एलिझाबेथ? हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. होय, त्या कित्येक दशकं डोक्याला फक्त रुमाल बांधून घोड्यावर बसल्या, नव्वदी ओलांडल्यावरही, आणि त्यांच्या डोक्याला काही झालं नाही. मला त्यांचा तो रुमाल आवडतो. पण ज्यांचं काही झालं नाही त्यांचेच फोटो आपण वर्षानुवर्षं बघत राहतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह २७ मे १९९५ला अडथळ्यापाशी घोडा थबकल्यामुळे पुढे फेकला गेला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, अंगात संरक्षक जाकीटही होतं. डोकं वाचलं, मान मोडली. हेल्मेट मानेला काही करू शकत नाही, बरगड्यांना नाही, आणि मेंदूचा प्रत्येक धक्काही ते रोखत नाही. ते कवटी वाचवतं आणि बाकीचं थोडं कमी करतं. एवढ्यासाठी घालायचं की नाही, इतकाच प्रश्न असतो.

मी आता तबेल्याच्या दारातच घालते. पहिले काही दिवस फार लाजल्यासारखं झालं. घोडी उभ्या उभ्या डुलकी काढतेय आणि बाई हेल्मेट घालून खरारा करतेय, हे दृश्य विनोदीच आहे. आमच्यातल्या एकाने विचारलंही, ‘ताई, छत पडणारे का?’ घोडी तिच्या जागी गेली, दाराला कडी लागली, मी या बाजूला आणि ती त्या बाजूला असले, की काढायचं. उन्हाळ्यात ते शेवटचे दहा मिनिटं जिवावर येतात, हे कबूल करते. दोनदा मोह झाला आणि दोन्ही वेळा हात आपोआप भुवईवर गेला.

आणि हे सुरू केल्यावर मला काका दिसले. म्हणजे ते आधीही होतेच. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, चाळीस वर्षं घोड्यांत घालवलेले. मी आठवड्यातून चार तास घोड्यापाशी असते, ते दिवसाचे दहा तास. मी एका शहाण्या घोडीजवळ, ते अकरा घोड्यांजवळ, त्यातले दोन नवे, अंगाला हात लावू न देणारे. भिंतीवर आमच्या हेल्मेटांची रांग टांगलेली, लहान-मोठी, नंबर घातलेली. त्यात काकांचं एकही नाही. कोणी नाकारलं नव्हतं, तसा विचारच कोणाच्या मनात आला नव्हता. वर बसणाऱ्याचं डोकं मोजायचं, घोडा धरून उभा राहणाऱ्याचं नाही. या हिशेबात मीही चार वर्षं सामील होते. मी हेल्मेटचा पट्टा लावायची आणि ते उघड्या डोक्याने घोडीचा लगाम धरून माझ्या चढण्याची वाट बघायचे.

‘तुम्हाला कधी लागलं नाही का?’ एकदा विचारलं.

‘लागलं ना.’ त्यांनी केस बाजूला करून कानामागचा एक खळगा दाखवला. बोट मावेल एवढा. ‘शिंगरू होतं. त्याला काय कळतंय.’

‘मग हेल्मेट?’

‘आम्हाला कुठं पळवायचाय घोडा, ताई.’

मी वाद घातला नाही. टाके पडेपर्यंत मीही हेच म्हणत होते, फक्त जरा शुद्ध भाषेत. त्यांच्या डोक्याचं माप मी गमतीत म्हणून दोरीने घेतलं आणि महिन्याभराने एक हेल्मेट आणून दिलं. त्यांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं, ‘चांगलंय’ म्हणाले आणि खोगिराच्या खोलीत खिळ्याला उलटं टांगलं. पुढच्या आठवड्यात बघते तर त्यात दोन खरारे, खूर टोकरायची आकडी आणि एक फडकं. सामान ठेवायला त्यांना खरोखरच असं काहीतरी हवं होतं.

मी काही बोलले नाही. माझीच पिशवी त्या खिळ्याखाली ठेवत असे, म्हणून रोज दिसायचं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला नव्या घोड्यांतल्या एकाला नाल ठोकायला आणलं. तो पुढचे पाय देतो, मागचे देत नाही. नालबंद अवजारं मांडत होता. काका खोगिराच्या खोलीत गेले, खरारे काढून फळीवर ठेवले, आकडी ठेवली, फडक्याने हेल्मेटची आतली बाजू एकदा पुसली आणि डोक्यावर चढवून बाहेर आले. नालबंदाने वर बघितलं, मग परत आपल्या कामाकडे.

‘ताई, हा पट्टा टोचतोय.’

मी पुढे होऊन पट्टा लावून दिला. आतल्या गादीत आयाळीचे केस अडकले होते. ते त्या उघड्या खिळ्यावरून खाली फरशीवर कितीदा पडलं असेल, फेस कुठे दबला असेल का, हे मी डोळ्यांनी चाचपत होते, आणि काका म्हणाले, ‘झालं का? त्याला उभं राहायची सवय नाही.’